मेट्रोचा फायदा मोजायचा कशात: वाचलेल्या मिनिटांत की वाढलेल्या भावात?

मेट्रोचा प्रकल्प अहवाल समोर आहे, हरकती-सूचनांची मुदत संपत आलीय, आणि फायद्याचा आकडा खरा धरावा की नाही ते ठरत नाही. मोजायला पट्ट्या दोन. एक वेळेची, दुसरी जागेच्या भावाची. पुण्याचंच घ्या: ११,४२० कोटींचा पहिला टप्पा, डिसेंबर २०१६ मध्ये मंजूर, मार्च २०२२ पासून प्रवासी बसायला लागले.

वेळेची पट्टी सरकारमान्य. २०१७ च्या मेट्रो धोरणानं ८ टक्के वित्तीय परताव्याचा जुना निकष सोडून १४ टक्के आर्थिक परताव्याची अट घातली. म्हणजे नुसता तिकिटाचा गल्ला बघायचा नाही; वाचलेला वेळ, इंधन, टळलेले अपघात, कमी झालेला धूर, सगळं रुपयांत मांडायचं. पण या साऱ्याची मदार प्रवासीसंख्येच्या अंदाजावर. तो निम्म्यावर आला की फायदाही जवळपास निम्म्यावर येतो, बांधकामाचा खर्च मात्र तेवढाच राहतो. मी अहवालात पहिलं ते पान उघडतो. शिवाय तासाची किंमत पगारावरून लावली, तर धुणीभांडी करणाऱ्या बाईचा तास इंजिनिअरच्या तासापुढे कवडीमोल ठरतो.

जागेच्या पट्टीला अंदाज लागत नाही, झालेल्या व्यवहारांची दस्तनोंदणी असते. मात्र भाव गाडी धावण्याची वाट बघत नाही, घोषणेलाच चढतो. २०२१ शी तुलना केली तर निम्मी गोष्ट आधीच घडून गेलेली असते. आणि मेट्रो नसलेला, बाकी सारखाच भाग शेजारी ठेवल्याशिवाय वाढीचं श्रेय कुणाचं ते कळत नाही. (बिल्डरच्या जाहिरातीत हा शेजारी कधीच नसतो.)

सगळ्यात मोठी गफलत दोन्हींची बेरीज करण्यात आहे. समजा, पुण्याच्या वनाज मेट्रो स्टेशनजवळ भाड्यानं राहणाऱ्या नर्सची जाता-येता मिळून रोज ४० मिनिटं वाचली. महिन्याचे २५ दिवस धरले तर साधारण साडेसोळा तास. तासाला १०० रुपये लावले तर सुमारे १,६५० रुपये. अकरा महिन्यांचा करार संपला आणि घरमालकानं स्टेशन जवळ आलं म्हणून १,५०० रुपये भाडं वाढवलं. फायदा ३,१५० झाला का? नाही. तोच पैसा एका खिशातून दुसऱ्यात गेला.

बांधकामातल्या रोजगाराचे आकडे सोडून द्या, मजुरी हा खर्च आहे.

तेव्हा प्रकल्प हवा की नको, हे ठरवताना वेळेची पट्टी धरा, प्रवासीसंख्या थोडी कापूनच. पैसा कुणाकडून उभा करायचा हे ठरवताना जागेची. पुण्यात १ एप्रिल २०२२ पासून घरखरेदीवर १ टक्का मेट्रो अधिभार आहे. स्टेशनपासून पाच किलोमीटरवर घर घेणाराही तो भरतो. वनाजच्या त्या घरमालकाला मात्र वाढलेल्या भाड्यावर त्यातला एक पैसाही द्यावा लागत नाही.