'प्लेटलेट कमी आल्यात' म्हणून माझे ३७,४०० रुपये गेले

आमच्या कुत्रीच्या उपचारांचा हिशेब आधी मांडतो. व्हिजिट ६००, रक्ततपासणी १,८००, एकवीस दिवसांची दोन पॅकेजं प्रत्येकी १४,५००, थायरॉईडची तपासणी आणि गोळ्या मिळून ३,४००, 'इम्पोर्टेड' पावडरचा डबा २,६००. एकूण ३७,४०० रुपये, आणि पावती एकाचीही नाही. मी साताऱ्यात एका पतसंस्थेत वीस वर्षं व्हाउचर तपासतोय. खाडाखोड केलेला पगाराचा दाखला मला टेबलाच्या पलीकडून ओळखू येतो. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटतेच, पण माझ्यासारखे आणखी लोक फसलेत हे कळल्यावर गप्प बसवेना.

आमची ही कुत्री, हरणी, ग्रेहाउंड जातीची आहे. पट्टेरी वाघ्या रंग, वजन २७ किलो, वय सहा. संध्याकाळी गोडोलीच्या बाजूला फिरायला नेली की दर दुसरा माणूस विचारतो, "कारवान का? मुधोळ का?" कारवान आणि मुधोळ या आपल्या इकडच्या कुत्र्यांच्या जाती, ही विलायती. चण सारखीच असल्यामुळे लोकांचा गोंधळ होतो. खटाव तालुक्यातल्या माझ्या मामेसासऱ्यांनी ती शर्यतीसाठी पाळली होती. चार वर्षांची झाल्यावर मागं पडायला लागली, तेव्हा बायकोनं ती मागून आणली. घरात तिचा काही त्रास नाही. दिवसातले अठरा तास दिवाणावर पाय वर करून झोपते.

गेल्या वर्षी श्रावणात ती डाव्या पुढच्या पायानं लंगडायला लागली. त्यातही एक गंमत होती, जी मी पहिल्या दिवसापासून बघत होतो. डांबरी रस्त्यावर आणि घरातल्या फरशीवर लंगडायची, पण मामांच्या रानात सोडली की ढेकळांतून नीट पळायची. हे मी त्या माणसाला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. तो म्हणाला, "प्लेटलेट कमी झाल्या की असंच होतं."

हा माणूस मला व्हॉट्सॅपवरच्या कुत्रेवाल्यांच्या एका ग्रुपमध्ये मिळाला. नावाआधी 'डॉ.', नावापुढं चार-पाच अक्षरं, खाली 'रेस डॉग स्पेशालिस्ट, घरपोच सेवा'. गाडी चांगली, बोलणं त्याहून चांगलं. आल्याआल्या हरणीला नावानं हाक मारली, कानामागं खाजवलं, बायकोनं दिलेला चहा घेतला. पायाला हात लावला नाही. डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली, मान हलवली आणि रक्त काढून घेतलं. दुसऱ्या दिवशी मोबाइलवर रिपोर्टचा फोटो आला. प्लेटलेट १,१८,०००. शेजारी छापलेली नॉर्मल मर्यादा २ ते ५ लाख, तिच्याखाली लाल पेननं दोन रेघा. मागोमाग फोन. "गोचीड ताप आहे, फार पुढं गेलाय. दोन-चार दिवसांत नाकातून रक्त सुरू झालं तर माझ्या हातात काही राहणार नाही."

गोचीड ताप आपल्याकडं खरोखर असतो, त्यात प्लेटलेट उतरतात आणि कुत्री त्यानं दगावतात. आमच्याच गल्लीतला एक लॅब्रेडॉर तसा गेला होता. म्हणून भीती बरोबर बसली. पैसे लगेच पाठवले. पैसे गेले ते कुठल्यातरी बाईच्या नावावरच्या खात्यात, हेही तेव्हा खटकलं नाही.

मग दर तिसऱ्या दिवशी इंजेक्शनं. एक लालभडक, 'प्लेटलेटचं', आणि एक पाण्यासारखं. टोचल्यावर दोन दिवस हरणी एकदम तरतरीत. लंगडणं निम्म्यावर यायचं, खायला तर मागून मागून घ्यायची. पाणी मात्र बादलीनं प्यायची आणि रात्रीतून दोनदा घरातच मुतायची. ती असली कधी नव्हती. तिसऱ्या दिवशी पुन्हा पाय वर. मग तो पुन्हा यायचा आणि आम्ही त्याचे आभार मानायचो! रिकाम्या बाटल्या आठवणीनं पिशवीत भरून परत न्यायचा. "मेडिकल वेस्ट आहे, असं घरात टाकायचं नसतं," म्हणायचा. मला उलट बरं वाटायचं, माणूस नियमानं चालतो.

पहिलं पॅकेज संपल्यावर दुसरा रिपोर्ट आला. प्लेटलेट १,३१,०००. "सुधारणा आहे, पण कोर्स तोडला तर सगळं पाण्यात." घेतलं दुसरं पॅकेज. मध्येच थायरॉईडही कमी निघाला, त्याच्या गोळ्या सुरू. पावडरचं तर मी सांगतच नाही, तिला नुसता इलायचीचा वास होता.

दुसरं पॅकेज संपत आलं तेव्हा तो म्हणाला, पायात गाठ धरलीये, भूल देऊन काढावी लागेल, घरीच करू, १८,००० होतील. ही रक्कम मोठी म्हणून मामांना फोन केला. मामा शाळेत फार गेलेले नाहीत, पण शर्यतीची कुत्री सांभाळण्यात त्यांची तीस वर्षं गेलीत. ते पैशाचं बोललेच नाहीत.

"भूल? कुठली भूल देणार हाय त्यो?"

"ते विचारलं नाही."

"इचारा आधी. ह्या जातीला ती साधी भूल सोसत न्हाई पाव्हणं. माझी एक कुत्री दुसऱ्या दिवशी सांजच्याला उठली, ती बी लडखडत. आणि पाय उचलून बघितला का कुणी तिचा? तळवा?"

नव्हता बघितला. त्यानं नाही, मीही नाही.

त्याच रात्री दिवाणाखाली झाडताना एक छोटी तपकिरी बाटली सापडली, त्याच्या पिशवीतून निसटलेली. लेबल ब्लेडनं खरवडलेलं होतं, पण कडेला शेवटची तीन-चार अक्षरं राहून गेली होती. माझ्या मेहुणीचं कराडला मेडिकल आहे. तिला फोटो पाठवला. ती म्हणाली, "दाजी, हे बी-ट्वेल्व्ह. अशक्तपणाला, मुंग्या येतात त्याला देतो आम्ही. शंभराच्या आतली वस्तू आहे. ह्यानं प्लेटलेट कशा वाढतील?"

मग मी माझं रोजचं काम केलं, जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून ओळीनं बघितले. हिमोग्लोबिन १८.९ आणि १८.९. पांढऱ्या पेशी ५,४०० आणि ५,४००. नमुना क्रमांक तोच. वेळ सकाळी ११.४२, दोन्हीकडं. तारीख तेवढी वेगळी. आणि १,३१,००० मधले ३ आणि १ बाकीच्या आकड्यांपेक्षा एक केसभर जाड. तीन आठवड्यांच्या अंतरानं काढलेल्या रक्ताचा दशांशसुद्धा हलला नव्हता. पतसंस्थेत असला कागद कुणी आणला असता तर मी त्याला उभा केला नसता.

दुसऱ्या दिवशी मित्राची ईको गाडी मागून घेतली आणि सात वाजता शिरवळला निघालो. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, नागपूरच्या पशुविद्यापीठाचं, आणि तिथं जनावरांचा दवाखानाही आहे. आनेवाडीचा टोल, मग खंबाटकीचा बोगदा, सव्वा तासाचा रस्ता. इतकी वर्षं पुण्याला जाताना ती पाटी डावी-उजवीकडं कुठंतरी वाचली असेल, पण ते गाई-म्हशींचं असणार असं डोक्यात धरून बसलो होतो. आमच्या आधी दोन शेळ्या, एक पोट फुगलेली कालवड आणि एक चिडलेला पॉमेरेनियन होता.

तिथल्या डॉक्टर मॅडमनी रिपोर्ट आधी हातात घेतलेच नाहीत. "चालवून दाखवा," म्हणाल्या. एकदा काँक्रीटवर, एकदा गवतावर. काँक्रीटवर लंगडली, गवतावर नाही. मी तोंड उघडायच्या आत त्या सोबतच्या मुलांना म्हणाल्या, "बघितलं?" मग खाली बसल्या, पंजा उचलला, ओल्या कापसानं पुसला आणि मधल्या बोटाची गादी दोन्ही बाजूंनी दाबली. हरणी ओरडली. तिथं तुरीच्या डाळीएवढा गोल, पिवळसर, काचेसारखा कडक ठिपका होता. माणसाच्या पायाला होतं तेच. कुरूप.

ग्रेहाउंडला हे पुष्कळदा होतं म्हणे, आणि जास्त करून पुढच्या पायांना, मधल्या दोन बोटांखाली. टणक जमिनीवर ते खड्यासारखं आत रुततं, मऊ जमिनीवर रुतत नाही. माझी 'गंमत' म्हणजे अर्धं निदान होतं. तरी त्यांनी एक्स-रे काढायला लावला, कारण अशा मोठ्या, लांब हाडांच्या कुत्र्यांत वयानुसार हाडाचा कर्करोग होतो आणि त्याचीही सुरुवात लंगडण्यानंच होते. एक्स-रे स्वच्छ निघाला.

रक्ताचं मात्र त्यांनी बसवून समजावलं, आणि हा भाग ज्यांच्याकडं ग्रेहाउंड आहे त्यांनी दोनदा वाचा. ह्या जातीचं रक्त मुळातच वेगळं. तांबड्या पेशी इतर कुत्र्यांपेक्षा जास्त, पांढऱ्या कमी, प्लेटलेट तर कमीच. निरोगी ग्रेहाउंडच्याही लाख-दीड लाख येऊ शकतात. लॅबच्या कागदावर छापलेली २ ते ५ लाखांची मर्यादा सगळ्या कुत्र्यांची सरसकट असते. थायरॉईडचा आकडाही ह्यांचा उपजत कमी, त्यासाठी गोळ्या लागत नाहीत. "आणि हिमोग्लोबिन १८.९ आहे हो हिचं," त्या म्हणाल्या, "इतका पुढं गेलेला गोचीड ताप असता तर ते असं राहिलं असतं का?" तरी त्यांनी शंका ठेवली नाही. काचेवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघितला, गोचीड तापाची किटची चाचणीही केली. दोन्हीत काही नाही. एकट्या प्लेटलेटच्या आकड्यावर गोचीड ताप ठरवत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं.

पाण्यासारख्या इंजेक्शनाबद्दल सांगितलं तर त्यांनी लगेच विचारलं, "पाणी जास्त प्यायची? भूक वाढली होती?" त्यांच्या मते ते स्टेरॉइड. त्यानंच दोन दिवस बरं वाटायचं आणि त्यानंच तिच्या मांड्या उतरल्या होत्या. ते एकदम तोडायचं नसतं म्हणून गोळ्या देऊन हळूहळू कमी केलं. भुलीचं मामांचंही बरोबर निघालं. थायोपेंटोन नावाची जुनी भूल ह्या कुत्र्यांच्या अंगातून लवकर उतरत नाही, कारण अंगावर चरबी नाही आणि यकृत ती सावकाश निकालात काढतं. आता दुसरी औषधं आहेत, पण ती देणाऱ्याला कुत्रं कुठल्या जातीचं आहे हे माहीत हवं.

कुरूप काढायला भूल लागलीच नाही. गादी भिजवून मऊ केली आणि बारीक पात्यानं कडेकडेनं कोरली, आणि ते बुचासारखं अख्खं निघालं. रक्ताचा थेंब नाही. हरणी माझ्या मांडीवर मान टाकून जांभया देत होती. खाली सोडली तर काँक्रीटवर चारी पाय टेकवून कालवडीकडं निघाली. सगळा खर्च त्याच्या दोन इंजेक्शनांच्या आत.

निघताना मॅडम म्हणाल्या, ग्रेहाउंडचं रक्त बऱ्याचदा दुसऱ्या कुत्र्यांना चालतं, कधी गरज पडली तर आणाल का हिला. मी फोन नंबर लिहून आलो.

परत आल्यावर त्या माणसाला एकच मेसेज केला: तुमचा नोंदणी क्रमांक पाठवा. पशुवैद्यक म्हणून काम करायला पदवी आणि पशुवैद्यक परिषदेची नोंदणी दोन्ही लागतात, १९८४ च्या केंद्रीय कायद्यानं. महाराष्ट्राची परिषद नागपूरला आहे, नोंदवही तिच्याकडं असते. डिप्लोमावाल्यांना किरकोळ उपचार करता येतात, तेही नोंदणीकृत डॉक्टरच्या देखरेखीखाली. खरा डॉक्टर हा नंबर तोंडपाठ सांगतो, त्याला राग येत नाही. ह्याचं उत्तर आलं, "नूतनीकरणाला गेलंय." मग मी दोन्ही रिपोर्टचे फोटो पाठवले. निळ्या खुणा आल्या, आणि थोड्या वेळानं त्याचा फोटो दिसायचा बंद झाला.

पोलिसांत आणि परिषदेकडं लेखी अर्ज दिलेत, बाटली आणि बँकेच्या नोंदी जोडून. पावत्या असत्या तर अर्जाला वजन आलं असतं, हे मलाही कळतं. हरणीचं कुरूप दर पाच-सहा आठवड्यांनी थोडं वर येतं, मी तिला शिरवळला नेऊन कोरून आणतो. राजवाड्याजवळ चपला शिवणाऱ्या काकांनी तिला मऊ चामड्याचा एक बूट करून दिलाय. डांबरीवर तो घालून चालते, घरी आली की आधी दातानं काढते.

ग्रुपवर हा प्रकार थोडक्यात टाकला, तर आठवड्याभरात कराडहून एका काकांचा फोन आला. त्यांच्या डॉबरमनवर हाच माणूस उपचार करत होता, दुसरं पॅकेज चालू. मी म्हटलं, रिपोर्ट पाठवा. आला. वर त्यांच्या कुत्र्याचं नाव. प्लेटलेट १,१८,०००, खाली लाल पेननं दोन रेघा. हिमोग्लोबिन १८.९. नमुना क्रमांक तोच. वेळ सकाळी ११.४२.

हरणीचंच रक्त.