प्रमाण मोडायचं तर आधी मोजावं लागतं: प्रपोर्शनल डिव्हायडरचा काही महिन्यांचा अनुभव

प्रपोर्शनल डिव्हायडर म्हणजे मापं ठरावीक प्रमाणात लहान-मोठी करून उतरवायचं अवजार. तो घेणारे बहुतेक जण फोटोवरून हुबेहूब व्यक्तिचित्र काढण्यासाठी तो घेतात. मीही त्याच कामासाठी घेतला आणि त्या कामात तो चोख आहे. पण बरेच महिने वापरल्यावर माझं ठाम मत झालंय की या अवजाराची खरी गरज वास्तवदर्शी चित्रापेक्षा अतिशयोक्तीच्या चित्राला जास्त आहे. हुबेहूब काढताना समोर माणूस असतो किंवा फोटो असतो, त्यामुळे हात चुकला तर ताडून बघता येतं. तीन डोक्यांएवढ्या उंचीचं पात्र काढताना ताडून बघायला तसा माणूसच जगात नसतो. तिथे आपणच ठरवलेला नियम एवढाच आधार उरतो, आणि तो नियम चित्रकथेच्या दुसऱ्या, पाचव्या, दहाव्या चौकटीत तसाच राहिलाय का, हे नुसत्या नजरेने कळत नाही.

ज्यांनी हे अवजार हाताळलेलं नाही त्यांच्यासाठी त्याची रचना सांगतो. सारख्या लांबीच्या दोन पट्ट्या फुलीच्या आकारात एकमेकींवर बसवलेल्या असतात आणि चारही टोकं अणकुचीदार असतात. दोन्ही पट्ट्यांना मध्ये लांब खाच असते. त्या खाचेत सरकणारा स्क्रू हीच त्यांची बिजागरी. स्क्रू बरोबर मध्यावर असेल तर दोन्हीकडची टोकं सारखीच उघडतात. तो बाजूला सरकवला की लांब बाजू जास्त उघडते आणि आखूड बाजू कमी. डिव्हायडर थोडा उघडा की पूर्ण, त्या दोन अंतरांचं गुणोत्तर बदलत नाही, कारण दोन्हीकडे होणारे त्रिकोण समरूप असतात. माझा डिव्हायडर टोकापासून टोकापर्यंत २४ सेंटिमीटरचा आहे. स्क्रू एका टोकापासून ८ सेंटिमीटरवर घट्ट केला की दुसरीकडे १६ उरतात, म्हणजे दुप्पट. पट्टीवर खुणा कोरलेल्या असतातच, पण हा हिशेब माहीत असलेला बरा. खुणांपेक्षा मोजपट्टी जास्त विश्वासाची वाटते.

हुबेहूब कामाबद्दल थोडक्यात. फोटोवरून दुप्पट किंवा तिप्पट मोठं चित्र काढायचं तर फोटोवर आणि कागदावर चौकटींची जाळी आखण्याचा त्रास वाचतो, आणि डोळे, नाक, ओठ यांच्या जागा पहिल्या काही मिनिटांत पक्क्या होतात. समोर मॉडेल असेल तर हात ताठ ठेवून, एक डोळा मिटून माप घेता येतं, पण मॉडेल थोडं जरी हललं किंवा आपला हात वाकला तरी माप बिघडतं. डिव्हायडरला खोली कळत नाही. प्रेक्षकाकडे रोखलेला हात त्याला फक्त आखूड आकार म्हणून दिसतो. तो आखूड आकार नेमका उतरवणं म्हणजेच अचूक फोरशॉर्टनिंग, त्यामुळे ही उणीव म्हणायची का, हा प्रश्नच आहे.

एक गोष्ट मात्र या कामानेच लक्षात आणून दिली. फोटो म्हणजे वास्तव असं आपण धरून चालतो, पण नाकाचा शेंडा कानांपेक्षा साधारण १२ सेंटिमीटर पुढे आहे असं धरून हिशेब करून बघा. कॅमेरा नाकापासून ३० सेंटिमीटरवर असेल तर कान ४२ सेंटिमीटरवर पडतात आणि नाक कानांच्या मानाने १.४ पट मोठं उमटतं. कॅमेरा दीड मीटरवर नेला की हाच आकडा १.०८ वर येतो. म्हणजे हात लांब करून काढलेला सेल्फी ही आधीच अतिशयोक्ती असते, आणि डिव्हायडर ती इमानेइतबारे कागदावर उतरवतो. व्यक्तिचित्रासाठी फोटो किमान दीड-दोन मीटरवरून घेतलेला असावा, हा नियम मी आता मोडत नाही.

आता मूळ विषयाकडे येतो. अर्कचित्र, म्हणजे कॅरिकेचर, काढताना सगळ्यांत प्रचलित सल्ला असतो, ‘मोठं नाक आणखी मोठं कर.’ डिव्हायडर दीडपटीला लावून नाक दीडपट केलं की चित्र गमतीदार होतं, पण तो माणूस त्यात असेलच असं नाही. कारण एखादा अवयव मोठा असणं आणि तो सरासरीपेक्षा वेगळा असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ताणायचा असतो तो फरक. आणि फरक मोजायला हे अवजार फार सुंदर आहे.

मी करतो ते असं. नेहमीच्या आखणीत केसांच्या रेघेपासून भुवईपर्यंत, भुवईपासून नाकाच्या बुडापर्यंत आणि तिथून हनुवटीपर्यंत असे चेहऱ्याचे तीन सारखे भाग धरतात. चेहरा १८ सेंटिमीटरचा काढायचा असेल तर या सरासरी रेघा ६ आणि १२ सेंटिमीटरवर पडतात. त्या कागदाच्या कडेला हलक्या हाताने आखून ठेवायच्या. शेजारी त्या माणसाच्या खऱ्या रेघा मांडायच्या. समजा त्याची भुवई ५.५ वर आहे आणि नाकाचं बूड ११.५ वर, म्हणजे कपाळ आखूड आणि नाकाखालचा भाग लांब. दोन्हीकडे फरक अर्ध्या सेंटिमीटरचा. डिव्हायडर एकास दोनवर लावून आखूड टोकांनी हा फरक उचलायचा आणि लांब टोकांनी सरासरी रेघेपासून त्याच दिशेला टेकवायचा. भुवई ५ वर जाते, नाकाचं बूड ११ वर. भाग होतात ५, ६ आणि ७. नाकाची लांबी तसूभरही बदललेली नाही, तरी चेहरा एकदम त्याच माणसाचा वाटायला लागतो. एकास तीनवर नेलं तर ४.५, ६ आणि ७.५, आणि तिथे अर्कचित्र धीट होतं. चेहऱ्याची एकूण उंची तीच राहते हे विशेष. हनुवटी लांबवायची तर तेवढी जागा कपाळाकडून घ्यावी लागते, आणि ही देवाणघेवाणच चेहऱ्याला एकसंध ठेवते.

या पद्धतीमागचा विचार जुना आहे. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररचा मानवी प्रमाणांवरचा ग्रंथ १५२८ साली, त्याच्या मृत्यूनंतर काही महिन्यांतच छापला गेला. त्यात चेहऱ्याच्या आखणीतल्या रेघा सरकवून आणि तिरक्या करून एकाच डोक्यापासून तऱ्हेतऱ्हेचे चेहरे कसे काढायचे हे दाखवलं आहे. सुझन ब्रेनन यांनी १९८० च्या दशकात संगणकावर अर्कचित्रं तयार करणारा प्रोग्रॅम लिहिला, तोही याच तत्त्वावर चालत होता. सरासरी चेहऱ्यापासून प्रत्येक बिंदू जितका लांब असेल, ते अंतर वाढवायचं. पुढे १९८७ मध्ये ऱ्होड्स, ब्रेनन आणि केरी या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ओळखीच्या व्यक्तींची अशी अर्कचित्रं त्यांच्याच अचूक रेखाचित्रांपेक्षा लवकर ओळखली गेली. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. अतिशयोक्ती म्हणजे सत्याशी तडजोड असं मानणाऱ्यांनी तो जरूर लक्षात घ्यावा.

पूर्ण आकृतीत प्रश्न वेगळा येतो. प्रत्यक्षातला प्रौढ माणूस साधारण साडेसात डोक्यांचा असतो, आदर्श आकृती आठ डोक्यांची धरतात, आणि फॅशनच्या रेखाटनात नऊच्या पुढे जातात. तिथे वाढवलेली उंची बहुतेक पायांना दिलेली असते. उलट दिशेला गेलं की दोन-तीन डोक्यांची ठेंगणी पात्रं येतात. साडेसात डोक्यांच्या माणसात हनुवटीच्या खाली साडेसहा डोकी उरतात. त्याचं तीन डोक्यांचं पात्र करायचं तर हनुवटीखाली दोनच डोकी राहायला हवीत, म्हणजे खालचं सगळं सव्वातीन पटींनी आखूड. डिव्हायडर सव्वातीनला लावून धड, हात, पाय झरझर आखता येतात, आणि ते बघताच कळतं की हे चालणार नाही. लांबी बरोबर असते, पण मनगटं आणि घोटे काड्या होतात आणि मान एवढ्या मोठ्या डोक्याखाली तुटेल अशी दिसते. लांबीला एक प्रमाण आणि जाडीला दुसरं, असंच करावं लागतं. माझ्या पात्रांत लांबी सव्वातीनने घटते तेव्हा हातापायांची जाडी मी साधारण दीड ते दोनच पटींनी घटवतो. नुसत्या नजरेने काढताना आपण नकळत असंच काहीतरी करत असतो. मोजून केल्यावर ते आकड्यात सापडतं, आणि आकडा सापडला की तेच पात्र परत काढता येतं.

काही संबंध मात्र मी हलवत नाही. कोपर कमरेच्या आसपास, मनगट जांघेच्या पातळीवर, गुडघा मांडीचा सांधा आणि टाच यांच्या साधारण मध्यावर. सगळी लांबी एकाच प्रमाणात घटवली तर हे संबंध आपोआप टिकतात. टिकले की तीन डोक्यांचं पात्रही बसतं, वाकतं, धावतं. ते बिघडवायचे असतील तर पात्रासाठी मुद्दाम बिघडवावेत. गुडघ्यापर्यंत हात असलेला माणूस काढायचा असेल तर तो हात प्रत्येक चौकटीत गुडघ्यापर्यंतच पोचायला हवा.

आपल्याकडच्या तालमानाशी, म्हणजे मूर्ती आणि चित्रं मापण्याच्या जुन्या पद्धतीशी, याची तुलना करून बघितली. तिथे माप डोक्याचं नसून चेहऱ्याच्या लांबीचं आहे. एक ताल म्हणजे १२ अंगुळं, आणि नवताल म्हणजे १०८. चेहरा हनुवटीपासून केसांच्या रेघेपर्यंतच मोजला जातो, म्हणून नवताल म्हणजे नऊ डोक्यांची आकृती असं समजू नये. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात पुरुषांचे पाच प्रकार दिले आहेत: हंस १०८ अंगुळं, भद्र १०६, मालव्य १०४, रुचक १०० आणि शशक ९०. अंगुळ ज्याचं त्याचं. म्हणजे एकाच आदर्शाच्या या पाच नकला नाहीत, पाच वेगवेगळे साचे आहेत, आणि प्रत्येकाचं माप त्याच्या स्वतःच्या शरीरातून येतं. पात्रं रचणाऱ्याला यापेक्षा चांगली सुरुवात मिळणार नाही. डिव्हायडरने या पाच प्रकारांच्या रेषा शेजारी शेजारी आखून बघा. हंस आणि भद्र यांच्यातला फरक डोळ्याला जेमतेम जाणवतो, शशक मात्र लगेच वेगळा उठून दिसतो.

राक्षसी देहांचं गणित आणखी वेगळं. गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात दाखवलं की देह लांबी-रुंदी-जाडीत दुप्पट केला तर वजन आठपट होतं, पण हाडाच्या छेदाचं क्षेत्रफळ चौपटच वाढतं. म्हणून महाकाय पात्र नुसतं सगळीकडे दुप्पट केलं की ते दुप्पट मोठा छापलेला साधा माणूस वाटतं. पाय आणि मान जास्त जाड केली आणि डोकं देहाच्या मानाने लहान ठेवलं की वजन जाणवायला लागतं. इथेही दोन प्रमाणं, फक्त उलट दिशेने.

आता त्रास. सगळ्यांत मोठा त्रास स्क्रूचा. खूप वापरल्यावर तो सैल पडतो आणि मध्येच सरकतो. एकास दोनवर असताना एक मिलिमीटर सरकला तर दुप्पटीचं १.९६ होतं, ते खपून जातं. पण फक्त दहा टक्के वाढ हवी असेल तर स्क्रू मध्यापासून जेमतेम ५.७ मिलिमीटर दूर असतो. तिथे एक मिलिमीटर सरकला की दहा टक्क्यांचे आठच उरतात, म्हणजे ठरवलेल्या अतिशयोक्तीचा जवळजवळ पाचवा हिस्सा गेला. बारीक अतिशयोक्ती थेट मोजण्याऐवजी फरक उचलून दुप्पट-तिप्पट करण्याची पद्धत मला म्हणूनही आवडते. तिच्यात स्क्रू मध्यापासून लांब, सुरक्षित जागी राहतो.

दुसरा त्रास टोकांचा. पातळ कागदाला भोकं पडतात आणि नंतर शाई त्यात उतरून ठिपका होतो. अंतिम कागदावर मी टोक टेकवत नाही. कच्च्या आखणीवर मापं घेतो आणि लाइट बॉक्सवर, म्हणजे खालून उजेड देणाऱ्या पेटीवर, उतरवतो. लहान चित्रांत तर हे अवजार बाहेरच काढू नये. चेहरा तीन-चार सेंटिमीटरचा असेल तर मोजायचा फरक मिलिमीटरभर उरतो आणि टोकाच्या जाडीतच हरवतो.

आणि झटपट रेखाटनात याला जागा नाही. देहाचा झोक, वजन कुठल्या पायावर आहे, पाठीचा कणा कसा वळलाय, हे मापाने येत नाही. आधी मोजमाप आणि मग हालचाल, या क्रमाने काढलेली पात्रं ताठ होतात. माझा क्रम उलटा आहे. आधी मोकळ्या हाताने झोक पकडायचा, मग डिव्हायडरने लांबी-जाडी तपासायची, आणि जिथे माप आणि झोक यांचं जमत नाही तिथे झोकाला मान द्यायचा.

नुसतं फोटोवरून एकच मोठं चित्र करायचं असेल तर चौकटींची जाळी आखूनही काम भागतं, त्यासाठी हा घ्यायची गरज नाही. पण एकच पात्र वारंवार काढणाऱ्यांनी, अर्कचित्रं शिकणाऱ्यांनी, आपली शैली शोधणाऱ्यांनी जरूर घ्यावा, आणि शक्यतो धातूचा, कारण प्लास्टिकच्या पट्ट्या लांब टोकांकडे वाकतात. पात्राची दोन्ही प्रमाणं, लांबीचं आणि जाडीचं, त्याच्या मॉडेल शीटवर, म्हणजे पात्राच्या नमुन्याच्या कागदावर, लिहून ठेवावीत.

घेताना हातात घेऊनच घ्या. मिटल्यावर दोन्हीकडची टोकं नीट जुळतात का ते बघा. मग स्क्रू मध्यावर घट्ट करा, थोडा उघडा, एका बाजूच्या टोकांनी कागदावर दोन ठिपके उमटवा आणि दुसऱ्या बाजूची टोकं त्याच ठिपक्यांवर ठेवून बघा. ती जुळली नाहीत तर तो डिव्हायडर परत ठेवा.