मुलाच्या पोटाला मार: इथल्या इमर्जन्सी आणि स्कॅन विभागाचा अनुभव

चार स्टार देतेय, आणि ते मशीनसाठी नाही तर डॉक्टरांनी मुलाचं पोट परत परत हाताने तपासलं त्यासाठी. सायकलवरून पडताना हँडल डाव्या बरगडीखाली जोरात लागलं, वरून नुसता गोल लालसर वळ, पण मुलगा वाकून चालत होता आणि एकदा उलटी झाली. आधी जिथे गेलो तिथे सोनोग्राफी नॉर्मल आहे, पेनकिलर द्या आणि घरी जा म्हणाले.

इथल्या मॅडमनी मात्र तो रिपोर्ट बाजूला ठेवून आधी पोट दाबून बघितलं. मग नीट समजावलं, की इमर्जन्सीत पटकन केलेल्या सोनोग्राफीत मुख्यतः पोटात रक्त साठलंय का ते दिसतं, मुलांमध्ये प्लीहा (डाव्या बरगड्यांखालचा अवयव) किंवा लिव्हर फाटलं तरी रक्त बाहेर आलेलं नसू शकतं, म्हणून नॉर्मल आली तरी निर्धास्त व्हायचं नाही. आणि हँडलच्या मारात स्वादुपिंड, आतडं यांचा त्रास उशिरा वर येतो. नाडी, बीपी, रक्तात लिव्हरचे एन्झाइम, लघवीत रक्त आहे का हे सगळं बघितलं आणि थोड्या वेळाने पुन्हा पोट तपासलं. दुखणं तिथेच होतं, तेव्हा कुठे सीटी स्कॅन सांगितला. उगाच रेडिएशन नको म्हणून सरसकट सगळ्यांचा करत नाहीत हे मला फार पटलं. बीपी पडत असतं तर सीटीत वेळ न घालवता थेट ऑपरेशन थिएटरचा विचार केला असता म्हणाल्या.

सीटी शिरेतून कॉन्ट्रास्ट (आतले अवयव स्कॅनमध्ये उठून दिसावेत म्हणून दिलेलं औषध) देऊन, प्यायचं काही नाही, डोस मुलाच्या वजनाप्रमाणे, आणि स्कॅनची फेरी एकच. टेक्निशियन दादांनी त्याला आधीच सांगितलं, "औषध जाताना अंग गरम होईल, सू झाल्यासारखं वाटेल, पण होत नाही हं." त्यामुळे पोरगं हललंच नाही, झोपेचं औषध लागलं नाही.

प्लीहेला ग्रेड २ ची (५ पैकी, म्हणजे फार खोल नाही) चीर निघाली. ऑपरेशन नाही, ॲडमिट करून लक्ष ठेवलं, बीपी स्थिर असलेल्या बहुतेक मुलांचं असंच भरून येतं.

एक स्टार कापला कारण सीटीच्या रिपोर्टला रात्री फार वेळ लागला, आणि ४ आठवडे सायकल, उड्या, मैदानी खेळ बंद हे नुसतं तोंडी सांगितलं, डिस्चार्जच्या कागदावर नव्हतंच. शाळेला दाखवायला लागतं, तेव्हा निघायच्या आधीच लिहून मागा.