नव्या कृत्रिम नशेचा छडा: किट, जीसी-एमएस, ट्रिपल क्वाड की क्यू-टॉफ?

मृत्यूचं कारण स्पष्ट नसलं की शवविच्छेदनाच्या अहवालात ‘व्हिसेरा राखून ठेवला’ असं लिहितात आणि सगळे रासायनिक विश्लेषकाच्या अहवालाची वाट पाहत बसतात. ‘अमली पदार्थ आढळला नाही’ असं उत्तर आलं की घरचे, पोलीस आणि कोर्ट ते शेवटचं मानतात. म्हणून नशेचे पदार्थ शोधणारं यंत्र निवडताना मी किमतीच्याही आधी एक प्रश्न विचारेन: आपल्या यादीत नसलेला पदार्थ नमुन्यात असेल, तर हे यंत्र काय करेल?

हा प्रश्न काल्पनिक नाही. ‘स्पाइस’ नावाने विकल्या जाणाऱ्या वनस्पती-मिश्रणाच्या पाकिटांत जेडब्ल्यूएच-०१८ हा गांजासारखी नशा देणारा कृत्रिम कॅनाबिनॉइड सापडल्याचं २००८ मध्ये जर्मनीत उघड झालं. त्यावर बंदी येताच रेणूत थोडा बदल करून पुढचे पदार्थ बाजारात आले. २०२३ अखेर युरोपची अमली पदार्थविषयक यंत्रणा ९५०हून अधिक नव्या पदार्थांवर नजर ठेवून होती. आपल्याकडे ‘एमडी’ किंवा ‘म्याव म्याव’ म्हणून विकलं जाणारं मेफेड्रोन एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आलं ते २०१५ मध्ये.

इम्युनोअसे किट, म्हणजे प्रतिपिंडांनी पदार्थ ओळखणारी झटपट चाचणी, स्वस्त आहे, मिनिटांत उत्तर देतं आणि रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात ते हवंच. पण त्यातली प्रतिपिंडं ठरावीक आकाराच्या रेणूंनाच धरतात. बऱ्याच ॲम्फेटामिन किटांना मेफेड्रोन नीट ओळखता येत नाही, आणि नायटाझिन गटातली ओपिऑइड्स (अफूसारखा परिणाम करणारे पदार्थ) फेंटानिल या दुसऱ्या ओपिऑइडच्या किटमधून निसटतात, कारण त्यांची रचनाच वेगळी आहे. निगेटिव्ह किटच्या भरवशावर न्यायवैद्यक अहवाल लिहू नये, याबाबत मी ठाम आहे.

जीसी-एमएस, म्हणजे नमुन्याची वाफ करून घटक वेगळे करणारं आणि त्यांच्या तुकड्यांच्या वस्तुमानावरून ते ओळखणारं यंत्र, हा प्रयोगशाळांचा जुना, भरवशाचा कणा आहे. ७० इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेने रेणू फोडल्यावर मिळणारा स्पेक्ट्रम, म्हणजे तुकड्यांचा आलेख, जगात कुठेही जवळपास सारखाच येतो, त्यामुळे तयार लायब्ररींशी जुळवणी सोपी जाते. जप्त केलेल्या पावडरीसाठी आजही मी आधी हेच यंत्र वापरेन. अडचण येते ती मेफेड्रोनसारख्या कॅथिनोनांशी. त्यांच्या स्पेक्ट्रममध्ये ५८ वस्तुमानाचा एकच तुकडा सगळ्यावर मात करतो, आणि मेथॅम्फेटामिन, एमडीएमए, खोकल्याच्या औषधांतलं इफेड्रिन यांचाही मुख्य तुकडा तोच. अशा वेळी डेरिव्हेटायझेशन (रेणूला रासायनिक जोड देणं) करून आणि रिटेन्शन टाइम (यंत्रातून बाहेर पडायला लागलेला वेळ) नीट पाहूनच निष्कर्ष काढावा लागतो. काही कृत्रिम कॅनाबिनॉइड इंजेक्शन पोर्टच्या उष्णतेतच मोडतात. शिवाय रक्तात मिलिलिटरमागे एक-दोन नॅनोग्रॅम इतकंच नायटाझिन असेल, तर नेहमीच्या पद्धतीने ते दिसण्याची आशा कमीच.

खरी ओढाताण होते ती उरलेल्या दोघांत. ट्रिपल क्वाड एलसी-एमएस/एमएस नमुन्याची वाफ न करता द्रवातच घटक वेगळे करतं; त्याची संवेदनशीलता उत्तम आणि मात्रा मोजण्यात ते पक्कं. अमली पदार्थ घेऊन गाडी चालवल्याच्या प्रकरणांत, जिथे काय शोधायचं ते आधीच ठरलेलं असतं, तिथे याला तोड नाही. मात्र त्याला ज्या आयनांच्या (विद्युतभारित रेणू आणि त्यांच्या तुकड्यांच्या) जोड्या सांगाल तेवढ्याच ते पाहतं. यादीबाहेरचा रेणू कितीही मोठ्या प्रमाणात असला तरी त्याची नोंदही राहत नाही.

क्यू-टॉफ किंवा त्याच वर्गातलं ऑर्बिट्रॅप हे यंत्र दशांशाच्या चौथ्या स्थानापर्यंत वस्तुमान मोजतं, त्यावरून रेणुसूत्राचा अंदाज बांधता येतो. त्याहून मोलाचं म्हणजे सगळे आयन टिपून ठेवणाऱ्या पद्धतीने नमुना चालवला असेल, तर सहा महिन्यांनी नवा पदार्थ माहीत झाल्यावर जुनीच फाइल पुन्हा उघडून त्यात तो शोधता येतो. मृतदेहाचं दहन झालेलं असतं, नमुना संपलेला असतो, तरी शोध थांबत नाही. माझा कौल यासाठीच क्यू-टॉफला आहे.

त्यालाही मर्यादा आहेत. मेफेड्रोन म्हणजे ४-एमएमसी. ते आणि ३-एमएमसी यांचं सूत्र एकच, सी११एच१५एनओ, त्यामुळे फक्त वस्तुमानावरून फरक कळणार नाही. कायद्यात नाव एकाचंच असेल, तर तेवढ्यावर खटला ढासळू शकतो. संदर्भ मानक (पदार्थाचा शुद्ध, खात्रीचा नमुना) घेऊन कॉलमवर (घटक वेगळे करणाऱ्या नळीत) दोघांना वेगळं करून दाखवावंच लागतं. लघवीत कृत्रिम कॅनाबिनॉइडचं मूळ रूप क्वचितच मिळतं, त्याचे मेटाबोलाइट, म्हणजे शरीरात बदलून बनलेले पदार्थ, शोधावे लागतात. आणि आलेला डेटा वाचायला वेळ असलेला, प्रशिक्षित माणूस लागतो. ते पद मंजूर नसेल तर हे महागडं यंत्र घेऊ नका.

तेव्हा जीसी-एमएस आधीपासून असलेल्या विभागीय प्रयोगशाळेला पुढची खरेदी क्यू-टॉफची करा असं मी सांगेन, ट्रिपल क्वाड त्यानंतर. जिथे रोज एकाच प्रकारचे शेकडो नमुने येतात आणि काम मोजणीचं असतं, तिथे क्रम उलटा. यंत्र कुठलंही असो, अहवालात नुसतं ‘आढळला नाही’ न लिहिता कोणते पदार्थ, कोणत्या मर्यादेपर्यंत शोधले ते लिहावं.

खरेदीच्या त्याच प्रस्तावात उणे २० अंशांचा फ्रीझर आणि नमुना टिकवणाऱ्या फ्लोराइडच्या नळ्याही घाला. कॅथिनोनं रक्तात खोलीच्या तापमानाला झपाट्याने विघटित होतात. नमुना पोलीस ठाण्याच्या कपाटात आठवडाभर पडून राहिला, तर क्यू-टॉफलाही त्यात फारसं काही सापडणार नाही.