टॅटू की मेंदी : प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू असताना

आईने दिलेल्या मूत्रपिंडावर मी सहा वर्षे जगतो आहे आणि तिचे नाव मनगटावर असावे ही इच्छाही तितकीच जुनी आहे. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट किंवा स्टिरॉइड ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्या ज्यांच्या मनात असेच काही आहे, त्यांच्यासाठी हा अनुभव मांडतो.

टॅटू कायम राहतो, मेंदी दहा-बारा दिवसांत उतरते. एवढ्यावर पाहिले तर टॅटूच सरस. जत्रेत गोंदून घेणे मी केव्हाच बाजूला ठेवले होते, म्हणून कोल्हापुरातल्या एका नीटनेटक्या स्टुडिओत गेलो. सुईचे पाकीट माझ्यासमोर फोडले, हातमोजेही नवे होते. पण करडी छटा हवी म्हणून कारागिराने टोपणाएवढ्या कपात काळी शाई घेतली आणि शेजारच्या पिण्याच्या बाटलीतले पाणी तिच्यात थेंबथेंब सोडले. तिथेच मी उठलो. पिण्याचे पाणी निर्जंतुक नसते. क्षयाच्या जंतूंच्या कुळातले, पण वेगळे असे जे जंतू त्यात असू शकतात, ते त्वचेखाली गेले की आठवड्यांनंतर पुरळ आणि गाठी उठवतात. न्यू यॉर्क राज्यातील रोचेस्टरमध्ये २०११ च्या अखेरीस आधीच पातळ करून विकलेल्या करड्या शाईतून १९ जणांना असा संसर्ग झाला होता. अमेरिकेत तपासलेल्या सीलबंद शाईच्या ७५ नमुन्यांपैकी २६ मध्ये जिवाणू आढळल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा केवळ पाणी टाळूनही भागत नाही. आपल्यासारख्यांना लाली आणि सूज उशिरा दिसू शकते. शिवाय अशा संसर्गावर कित्येक महिने घ्यावे लागणारे क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक रक्तातील टॅक्रोलिमस वाढवते आणि जास्तीचे टॅक्रोलिमस मूत्रपिंडाला बाधते, म्हणजे कातडीचे दुखणे थेट मूत्रपिंडाला भिडते.

मेंदीत कातडी अखंड राहते. मात्र तासाभरात काळीभोर रंगणारा कोन घेऊ नये, त्यात बहुधा केसांच्या रंगातले पीपीडी हे रसायन असते आणि त्याने फोड येऊ शकतात. अस्सल पानांचा रंग आधी केशरी असतो आणि दुसऱ्या दिवशी तांबूस होतो. जी-६-पीडीची (तांबड्या रक्तपेशींना जपणाऱ्या एन्झाइमची) जन्मजात कमतरता असलेल्यांनी मेंदीही टाळावी.

ज्यांचे डोस कमी होऊन स्थिरावले आहेत, त्यांना डॉक्टर कदाचित टॅटूची परवानगी देतील, आणि ती मिळाली तर मी त्यांना अडवणार नाही. माझ्याकडे नागपंचमीच्या आदल्या दिवशी आई परसातली पाने पाट्यावर वाटते आणि तिचे नाव मी काडीने डाव्या मनगटावर लिहितो.