३०१८ सीएनसी राउटर : वेंगुर्ल्यात चौदा महिने वापरल्यावर, मुख्यतः चुकणाऱ्या स्टेप्सविषयी

सीएनसी राउटर म्हणजे संगणकाच्या आज्ञांनुसार लाकूड कोरणारे आणि कापणारे यंत्र. हे यंत्र मी चतुर्थीच्या दोन महिने आधी घेतले. महाराष्ट्रात २०१८ साली थर्माकोलवर बंदी आल्यापासून मखरासाठी प्लायच्या आणि लाकडी जाळ्या लोक आवर्जून मागतात, आणि एरवीच्या महिन्यांत होमस्टेच्या पाट्यांचे काम असते. ३०१८ या नावाप्रमाणे यंत्राचे कामाचे क्षेत्र ३०० बाय १८० मिलिमीटर एवढेच आहे, त्यामुळे मखराची जाळी तुकड्यातुकड्यांनी कापून जोडावी लागते. पाटीवरचे अक्षर अर्धा मिलिमीटर सरकले तर कोणाच्या लक्षात येत नाही. पण दोन तुकड्यांच्या जोडावर वेल तेवढीच सरकली, तर ती पूजेला येणाऱ्या प्रत्येकाला दिसते. माझ्याकडे पाचव्या तुकड्यापासून तसेच होऊ लागले.

या यंत्रातील स्टेपर मोटर, म्हणजे ठरावीक छोट्या पावलांनी (स्टेप्सनी) फिरणारी मोटर, आपण प्रत्यक्षात कुठे पोहोचलो आहोत हे कंट्रोलरला कळवत नाही. कंट्रोलरच्या आर्डुइनो बोर्डावरील जीआरबीएल ही प्रणाली मोटरला पल्स (विजेचे ठोके) मोजून पाठवते आणि टेबल तिथे पोहोचले असे गृहीत धरते. त्यामुळे एकदा झालेली चूक पुढच्या प्रत्येक रेषेत कायम राहते आणि तिच्यात नवीन चुकांची भर पडत जाते. बॅकलॅश, म्हणजे स्क्रू आणि नट यांच्यातील ढिलेपणा, वेगळा, तो दिशा बदलताना ठरावीक अंतराने दिसतो, पण साठत नाही. हा फरक ध्यानात न घेतल्यामुळे पहिले तीन आठवडे मी पितळी नट आणि त्याची स्प्रिंग यांतच गुंतून राहिले होते.

मार्ग सापडला तो डायल गेजमुळे, म्हणजे अगदी सूक्ष्म सरक मोजणाऱ्या काट्याच्या मापकामुळे. यंत्राची चौकट अ‍ॅल्युमिनियमची असल्याने चुंबकी स्टँड तिला चिकटत नाही, म्हणून खाली लोखंडी पट्टी ठेवून त्यावर स्टँड उभा केला. मग टूल आणि लाकूड काहीही न लावता वाय (पुढे-मागे) अक्षावर टेबलाच्या दीडशे मिलिमीटरच्या पन्नास फेऱ्या करवून ते शून्यावर परत आणले आणि फरक वाचला. पुढचा हिशेब सोपा, पण फार उपयोगाचा आहे. मोटरची एक पूर्ण स्टेप १.८ अंशांची, म्हणजे एका फेऱ्यात २०० स्टेप्स. लीड स्क्रू एका फेऱ्यात ४ मिलिमीटर पुढे जातो, म्हणून एक पूर्ण स्टेप ०.०२ मिलिमीटरची होते. मोटरचा रोटर ताणामुळे किंवा वेगामुळे घसरला, तर तो पुन्हा जिथे पकड घेतो ती जागा चार पूर्ण स्टेप्सच्या पटीतच असते. म्हणून मोटर घसरत असेल तर चूक ०.०८, ०.१६, ०.२४ अशी यायला हवी.

माझे आकडे आले ०.१२, ०.२१ आणि ०.३५. मोटर घसरतच नव्हती. मोटरचा शाफ्ट आणि त्याला लीड स्क्रूशी जोडणारा कपलर यांवर मार्करने एक सलग रेघ ओढली, आणि वीस फेऱ्यांनंतर ती रेघ दोन जागी तुटलेली दिसली. कपलरचा ग्रब स्क्रू (त्याला शाफ्टवर आवळणारा बिनडोक्याचा छोटा स्क्रू) शाफ्टच्या सपाट बाजूवर न बसवता गोल बाजूवर आवळलेला होता आणि खाऱ्या हवेने गंजलाही होता. स्टेनलेस स्टीलचा स्क्रू सपाट बाजूवर बसवून निळे थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावल्यावर हा दोष समूळ गेला. घर समुद्राजवळ असेल, तर यंत्र आल्या दिवशीच सगळे ग्रब स्क्रू बदलावेत, असे मी आग्रहाने सांगेन.

एप्रिल-मेमध्ये मात्र आकडे खरोखरच ०.०८ च्या पटीत येऊ लागले, तेही काम सुरू होऊन पाऊण तास झाल्यावर. स्टेप चुकली की करंट वाढवावा हा सल्ला सर्रास मिळतो. मी तो पाळला आणि चुका वाढल्या. खाऱ्या वाऱ्यापासून वाचवण्यासाठी कंट्रोलर मी बंद डब्यात ठेवला होता, त्यामुळे मोटरला करंट पुरवणारा ए४९८८ ड्रायव्हर तापून स्वतःला क्षणभर बंद करत होता आणि त्या क्षणी आलेले पल्स वाया जात होते. या ड्रायव्हरवर ०.१ ओहमचे रोध असतील, तर संदर्भ व्होल्टेज भागिले ०.८ एवढे अँपिअर करंट मिळतो. ते व्होल्टेज ०.९६ वरून ०.७२ वर आणले, म्हणजे करंट १.२ वरून ०.९ अँपिअर झाला, आणि डब्याला जाळीमागे पंखा बसवला. मोटरची ताकद थोडी कमी झाली, पण चुका थांबल्या.

फणसाची जाड फळी लावल्यावर त्या पुन्हा दिसल्या. या यंत्रात वाय अक्षावर संपूर्ण टेबलच फळीसकट धावते, त्यामुळे वजन वाढले की त्याच त्वरणाला जास्त जोर लागतो. जीआरबीएलमधील $१२१ ही वाय अक्षाच्या त्वरणाची किंमत निम्म्यावर आणली आणि कमाल वेग मिनिटाला २,००० मिलिमीटरवरून १,००० केला. एका पूर्ण स्टेपचे सोळा भाग होत असल्याने एका मिलिमीटरला ८०० पल्स धरले, तर २,००० च्या वेगाला सेकंदाला सुमारे २६,७०० पल्स लागतात, आणि आर्डुइनोवरील जीआरबीएलची मर्यादा सुमारे ३०,००० आहे. एवढ्या काठावर यंत्र चालवण्यात शहाणपण नाही. याच वेळी $१ ची किंमत २५५ केली, म्हणजे मोटर दोन हालचालींमध्ये पकड सोडत नाही.

पावसाळ्यात झेड अक्षाची खोली जागोजागी वेगळी येऊ लागली, आणि मी पुन्हा स्टेप्सनाच दोष दिला. गेजवर मात्र झेड प्रत्येक वेळी शून्यावर परतत होता. दमट हवेने खालची एमडीएफची पाटी फुगली होती. आता जून ते सप्टेंबर दर आठवड्याला ती पाटी यंत्रावरच तासून सपाट करते, आणि लाकूड कापण्याआधी दोन दिवस त्याच खोलीत ठेवते.

वीज गेली की जागा हरवते, यावर अक्षांच्या टोकांना लिमिट स्विच बसवून होमिंग (यंत्राने त्या स्विचपर्यंत जाऊन आपली मूळ जागा शोधणे) सुरू करणे हाच उपाय मला पटला. या चतुर्थीला अठरा तुकड्यांची जाळी कापली आणि प्रत्येक तुकड्यानंतर गेजवर पाहिले. सर्वांत मोठा फरक ०.०२ मिलिमीटर होता. लहान, नाजूक कामासाठी हे यंत्र मी पुन्हा घेईन. सागाच्या जाड फळ्या रोज कापायच्या असतील, तर ते पुरे पडणार नाही. गोल सरक-दांड्यांवरचा गंज अजून पूर्णपणे आवरलेला नाही. तेल लावले की भुसा चिकटून त्याचा लगदा होतो, म्हणून सध्या काम संपल्यावर दांड्या कोरड्या पुसून तेल लावते आणि दुसऱ्या दिवशी सुरू करण्याआधी ते पुन्हा पुसून काढते.