डॉक्युमेंटरीसाठी क्राउडफंडिंग : काही महिने वापरल्यावरचा अनुभव

आमच्या डॉक्युमेंटरीसाठी आम्ही क्राउडफंडिंग साइटवर, म्हणजे ऑनलाइन लोकांकडून थोडे थोडे पैसे गोळा करायच्या साइटवर, पेज काढलं होतं. पैसे जमले का, याचं थेट उत्तर पाहिजे असेल तर आधीच सांगतो, पैसे जमले, पण साइटमुळे नाही जमले. साइट म्हणजे नुसता गल्ला. त्यात पैसे टाकणारी माणसं तुम्हालाच गोळा करून आणायला लागतात आणि गल्ला वापरल्याचं भाडं द्यायला लागतं ते वेगळंच. एवढं मान्य असेल तर खुशाल वापरा, सोय चांगली आहे. कंपनीचं नाव घेत नाही कारण दोन मित्रांनी वेगळ्या साइट वापरल्या, त्यांचंही थोड्याफार फरकाने हेच झालं.

आमची फिल्म देवाचं नाव घेऊन रस्त्यावर जगणाऱ्या लोकांवर आहे. सकाळी पेठांमध्ये येणारे वासुदेव, अंगावर आसूड ओढणारा पोतराज, संबळ घेऊन फिरणारे गोंधळी, आणि पालख्या पुण्यात मुक्कामाला आल्या की नाना पेठ-भवानी पेठेच्या गर्दीत कपाळाला गंध लावत फिरणारी पोरं. यांच्यासाठी देव आणि पोट ही दोन खाती नाहीतच, तोच विषय. असल्या फिल्मला निर्माता कुठून मिळणार? मराठी सिनेमाला सरकारी अनुदान आहे, पण ते सिनेमा पूर्ण होऊन सेन्सॉर झाल्यावर, म्हणजे खर्च करून झाल्यावर. मग म्हणलं लोकांकडेच मागू.

पेज बनवणं सोपं आहे, केवायसी केलं, व्हिडिओ टाकला, झालं. मग साइटकडून एक कॅम्पेन मॅनेजर मिळतो. मुलगा बोलायला चांगला होता, पण त्याच्याकडे सगळ्यांसाठी एकच साचा, मग ते ऑपरेशनसाठी पैसे गोळा करणारे असोत नाहीतर आमच्यासारखे. थंबनेलवर डोळ्यात पाणी असलेला चेहरा पाहिजे, टायटलमध्ये ‘मदत करा’ पाहिजे. आमच्या फिल्ममधल्या वासुदेवकाकांना ते पोस्टर मोबाईलवर दाखवलं तर म्हणाले, "मदत कुणाला? मी भीक मागत नाय, दान घेतो. दान घेतो आन् घेतल्याचं सांगतो." खरंच आहे की ते. तुम्ही पायलीभर द्या नाहीतर पाच रुपये द्या, तो तिथल्या तिथे पंढरपूरच्या विठोबाला, जेजुरीच्या खंडोबाला दान पावलं म्हणून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगतो. साइटची पावती ईमेलवर यायची, ती पण बऱ्याच जणांची स्पॅममध्ये.

आणि हा नुसता मानाचा प्रश्न नाही बरं का. आपल्याकडे १९५९ चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा आहे, त्याच्या व्याख्येत गाणं, नाच, भविष्य सांगणं असं करून रस्त्यावर पैसे घेणंही येतं. अशा माणसाचा फोटो ‘भिकाऱ्यांचं आयुष्य’ असल्या टायटलखाली इंटरनेटवर लावायचा म्हणजे त्याच्याविरुद्ध पुरावा आपणच छापून द्यायचा. आम्ही थंबनेलवर चेहरा न ठेवता फक्त मोरपिसांची टोपी ठेवली. क्लिक कमी येतील असं मॅनेजर म्हणाला. आले असतील कमी.

पैसे कुठून आले ते ऐका. साइटची लाखो डोनर्सची जाहिरात बघून अनोळखी लोकांची वाट बघत बसू नका, आमच्या यादीत खरोखर अनोळखी माणसं शोधायला लागतात. बाकी सगळे कॉलेजचे ग्रुप, नातेवाईक, आधीच्या शॉर्टफिल्म बघितलेले लोक, आणि त्यातलेही ग्रुपवर लिंक टाकल्यावर अंगठा दाखवतात, पैसे देतात ते वेगळा फोन केल्यावर. साइटवाल्यांनी मीटिंगमध्ये आम्हालाही ‘मंथन’ सिनेमाचं उदाहरण ऐकवलं, १९७६, गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये दिले वगैरे. बरोबर आहे, पण ते शेतकरी आधीच दूध संस्थांचे सभासद होते, रोज त्यांचं दूध तिथे जात होतं. संघटना आधी आणि सिनेमा नंतर. हे कुणी सांगत नाही.

आता कटकटीचं. कमिशन, त्यावर १८ टक्के जीएसटी, पेमेंट गेटवेचे वेगळे, म्हणजे पेजवर दिसतो तो आकडा हातात येत नाही, बजेट करतानाच तेवढे वाढवून धरा. पैसे खात्यात यायला कॅम्पेन संपल्यावर काही आठवडे गेले. आषाढीच्या आधी शूट असेल तर उन्हाळ्यातच कॅम्पेन उरका, पालखी काही तुमच्या पेमेंटसाठी थांबणार नाही.

कराचं सीएला विचारून घ्या. वैयक्तिक नावावर, नातेवाईक सोडून इतरांकडून वर्षाला ५० हजारांच्या वर भेट जमली की सगळी रक्कम करपात्र धरतात, फक्त वरची नाही. आणि प्रत्येक काका विचारतात ८०जी ची, म्हणजे देणगीवर करात वजावट मिळवून देणारी पावती मिळेल का. नाही मिळत, त्यासाठी नोंदणी असलेली संस्था लागते (नवीन करप्रणाली घेतली असेल तर त्या काकांना ती वजावट तशीही मिळत नाही, पण हे फोनवर समजावण्यात अर्धा तास जातो).

परदेशातल्या मंडळींचं तर अजूनच अवघड. भारतीय पासपोर्ट असलेला, दुबईत किंवा लंडनमध्ये राहणारा माणूस देणगी देऊ शकतो, पण तोच माणूस अमेरिकन नागरिक झाला की त्याची देणगी परदेशी धरली जाते आणि एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या नोंदणीशिवाय घेता येत नाही. न्यू जर्सीतला माझा शाळेतला मित्र यावरून रुसला, गणपतीला वर्गणी चालते आणि फिल्मला चालत नाही होय, म्हणाला. म्हणलं बाबा, नियम मी नाही केलाय.

पैसे देणाऱ्यांना रिवॉर्ड देताना टी-शर्ट, कॉफीचे मग असल्या फंदात पडूच नका, कुरिअरच त्याला खाऊन टाकतं. आम्ही श्रेयनामावलीत नाव आणि एका खाजगी शोचं आमंत्रण ठेवलं, लोकांना नाव जास्त आवडलं. पण साइटवरून यादी मिळते ती इंग्रजी अक्षरात. मग तो काळे का काले, साठे का साथे, एकेकाला फोन. पाटील-जोशी असते तर एका दुपारी झालं असतं. त्यात ‘अनॉनिमस’ टिक केलेले दोघंजण नंतर विचारतायत आमचं नाव कुठाय.

टार्गेट पूर्ण झालं नाही तर सगळे पैसे परत की जमले तेवढे आपले, हे आधी निवडायला लागतं. डॉक्युमेंटरीवाल्यांनी जमले तेवढे आपले हेच घ्या, थोड्या पैशात थोडे दिवस तरी शूट होतं. नुसता सेट लावायलाच मोठी रक्कम लागणार असेल तर मात्र पहिलं बरं, अर्धवट पैशात अर्धवट सेट घेऊन काय करणार.

सध्या एडिट चालू आहे. साउंड मिक्सिंगला परत पैसे लागणारेत, पण त्यासाठी नवीन पेज काढणार नाही, आता यादी माझ्याकडे आहे आणि कोण फोनवर हो म्हणतं तेही कळलंय. पहिल्यांदा करत असाल आणि घरच्यांना, ऑफिसवाल्यांना पाठवायला एक धड लिंक पाहिजे असेल तर पाचपैकी तीन स्टार. थंबनेल तेवढं स्वतः करा.